९३ हा आकडा कोणी मोजला?

जठरातलं अन्ननलिकेत किती वेळा वर येतं, म्हणजे रिफ्लक्स किती होतो, हे मोजायला चोवीस तासांची नळी टाकून आलेल्या पेशंटच्या हाती जो रिपोर्ट पडतो, त्याच्या पहिल्याच पानावर एक आकडा ठळक छापलेला असतो. समजा, 'एकूण रिफ्लक्स: ९३'. शेजारी वर तोंड केलेला बाण. घरचे तेवढंच बघतात; पुष्कळदा डॉक्टरही तेवढंच बघतात, कारण बाहेर ओपीडीत माणसं खोळंबलेली असतात. मग त्या बाणाच्या जोरावर गोळी आणखी सहा महिने चालू राहते, नाहीतर 'अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल आहे, ऑपरेशन करून टाका' असा सल्ला निघतो. हे ९३ मोजले कोणी, हे मात्र कोणी विचारत नाही. ते सॉफ्टवेअरने मोजलेले असतात, फाईल उघडल्यावर थोड्याच वेळात. त्यानंतर त्या आलेखावरून एखाद्या जाणत्या माणसाची नजर फिरली की नाही, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

यंत्राने मोजायला माझी हरकत नाही. त्या मोजणीखाली न बघता सही करायला आहे. आणि बघायचं म्हणजे सगळीकडे सारखंच डोळे ताणून बघायचं, असंही नाही. कुठे यंत्रावर सोडून द्यायचं आणि कुठे एक-एक रेष तपासायची, यावर मराठवाड्यात आताच बोलायला हवं. पुण्याला, हैदराबादला जाऊन ही तपासणी करून आलेले रिपोर्ट इथल्या डॉक्टरांच्या टेबलावर येतातच, आणि तपासणीही हळूहळू जवळ सरकते आहे. एकदा आकड्यांची सवय लागली की मोडत नाही.

तपासणी दिसायला सोपी. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची नळी नाकातून अन्ननलिकेत सोडतात. आधी मॅनोमेट्री करून, म्हणजे दाब मोजून, खालच्या झडपेची वरची कड कुठे आहे ते ठरवतात आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) मोजणारा सेन्सर त्या कडेच्या बरोबर ५ सेंटिमीटर वर ठेवतात. नळीवर धातूच्या कड्यांच्या जोड्या असतात, साधारण ३, ५, ७, ९, १५ आणि १७ सेंटिमीटरवर. प्रत्येक जोडीत अगदी बारीक वीजप्रवाह सोडून विरोध मोजला जातो. यालाच इम्पीडन्स म्हणतात. हवा आली की विरोध चढतो, पातळ पदार्थ आला की पडतो. पेशंट घोट गिळतो तेव्हा ही पडझड वरच्या कड्यापासून खाली सरकत जाते. जठरातलं वर येतं तेव्हा खालून वर. दिशेचा हा फरक हीच या तपासणीची सगळी गंमत आहे. म्हणून नुसत्या पीएचला न कळणारा, फार आंबट नसलेला रिफ्लक्सही इथे सापडतो. १९९१च्या सुमारास जर्मनीत ही पद्धत आली. त्याआधी १९७४पासून नुसत्या पीएचवर डिमीस्टर स्कोर काढला जाई, १४.७२च्या वर गेला की बिघाड. हा स्कोर अजूनही रिपोर्टवर दिमाखात छापलेला असतो.

रिफ्लक्सच्या आजाराचं निदान आज कशावर करायचं, हे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या लिऑन सहमतीने २०१८ला सांगितलं आणि २०२४ला छापलेल्या सुधारित आवृत्तीत आणखी नेमकं केलं. अन्ननलिकेत पीएच ४च्या खाली एकूण किती वेळ होता, तो 'अ‍ॅसिडचा वेळ'. तो ४ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ६च्या वर असेल तर आजार नक्की, मधल्या पट्टीत असेल तर बाकीचे पुरावे बघायचे. रिफ्लक्सची संख्या ४०च्या आत असेल तर ठीक, ८०च्या वर असेल तर जास्त. पण ही संख्या फक्त साक्षीदार आहे, निकाल तिच्यावर लागत नाही. म्हणजे ते ९३ अगदी खरे निघाले, तरी अ‍ॅसिडचा वेळ ३ टक्के असेल तर त्या एका आकड्यावर कोणाची झडप शिवता येत नाही. ही एवढी गोष्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर छापली तरी निम्मी ऑपरेशनं पुन्हा विचारात घेतली जातील, असं वाटतं.

आता टक्क्यांची मिनिटं करून बघू, कारण टक्के फसवतात. चोवीस तास म्हणजे १४४० मिनिटं. त्याचे ४ टक्के म्हणजे ५७.६ मिनिटं आणि ६ टक्के म्हणजे ८६.४. 'काही नाही' आणि 'आजार नक्की' यांच्यात अर्ध्या तासाहूनही कमी अंतर आहे. समजा एखाद्याचा खरा अ‍ॅसिडचा वेळ ४६ मिनिटं, म्हणजे ३.२ टक्के. दुपारी त्याने लिंबू सरबत घोट घोट करत वीस मिनिटं घेतलं, रात्री चिंचेची आमटी भुरकली, मध्ये बाटलीतलं थंड पेय झालं. लिंबाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास, चिंचेचा आणि कोलाचाही त्याच घरातला. पेशंटला लिहायला दिलेल्या वहीत जेवणाची वेळ नीट मांडली असेल तर ही मिनिटं हिशेबातून वगळली जातात. मांडली नसेल तर सॉफ्टवेअरला खालून आलेलं अ‍ॅसिड आणि वरून प्यालेलं सरबत सारखंच. या तिन्हींची ४२ मिनिटं जमा झाली की ४६चे ८८ होतात आणि निरोगी माणूस ६.१ टक्क्यांवर जाऊन बसतो.

नजरेने बघणारा इथे काय करतो? पीएच पडला त्या क्षणी इम्पीडन्सची घसरण वरून खाली आली की खालून वर, एवढंच बघतो. वरून खाली आलेली आठ-दहा पावलं ओळीने दिसली तर ते सरबत आहे, वहीत लिहिलेलं असो वा नसो. दोन मिनिटांचं काम. ताकाचं जरा वेगळं. ताजं ताक चारच्या वर राहतं, पण उन्हाळ्यात सकाळचं ताक दुपारपर्यंत आंबतं आणि रेषेच्या खाली-वर खेळत बसतं. पीएच ३.९, मग ४.१, पुन्हा ३.९. अशाने अ‍ॅसिडचा वेळ फारसा बदलत नाही, पण संख्या भराभर वाढते, आणि डिमीस्टर स्कोरच्या सहा घटकांत रिफ्लक्सची संख्याही एक घटक आहे.

म्हणून जेवण टाळा, असं सांगणं उलटं महागात पडतं. आपल्याकडे दवाखान्यात जायचं म्हटलं की माणूस आपोआप पथ्यावर येतो. वरण-भात, दूध-पोळी, चहासुद्धा अर्धा कप. गाव ऐंशी किलोमीटरवर असेल तर नातेवाईक दवाखान्याजवळच्या लॉजवर मुक्काम करतात आणि पेशंट दिवसभर गादीवर पडून राहतो. रोजची भाकरी, ठेचा, येसरची आमटी नाही, खुरपणीला वाकणं नाही, पाण्याचा हंडा उचलणं नाही. जी जळजळ खाली वाकलं की येते ती चोवीस तासांत एकदाही येत नाही, आणि रिपोर्ट 'नॉर्मल'. हे यंत्राला कळायचा मार्गच नाही. आलेख बघणाऱ्यालाही वहीत लिहिलेलं असेल तरच कळेल. रोजचं खा, रोजचं काम करा, फक्त काय खाल्लं आणि किती वाजता ते टिपा. आणि दोन जेवणांच्या मध्ये आंबट पेय नको. नळी घातल्यावर एवढ्या दोन सूचना मराठीत, समोर बसवून द्यायला हव्यात.

गोळीचंही तेच. निदान अजून व्हायचं आहे अशा पेशंटची अ‍ॅसिड कमी करणारी पँटोप्राझोल जातीची गोळी किमान ७ दिवस बंद हवी. फॅमोटिडीन जातीची ३ दिवस. पण पेशंट 'औषध बंद केलं' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात शुगरची, बीपीची गोळी असते. 'गॅसची गोळी' त्याच्या लेखी औषधच नाही. गुडघेदुखीच्या गोळीसोबत रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली ती कॅप्सूल त्याने त्या दिवशीही घेतलेली असते. मग अ‍ॅसिडचा वेळ खाली आणि फार आंबट नसलेल्या रिफ्लक्सची संख्या वर, असा गोंधळलेला आलेख येतो. नळीला जठरातही सेन्सर असेल तर तिथला पीएच तासन् तास ४च्या वर दिसतो आणि बघणाऱ्याला लगेच शंका येते. तसा सेन्सर नसेल तर एकच उपाय: पिशवीतल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर ओतायला लावा.

आता खुद्द मोजणीकडे. रिफ्लक्स कशाला म्हणायचं, याचे नियम तज्ज्ञांच्या २०२१च्या विंगेट सहमतीने पक्के केले आहेत. इम्पीडन्स मूळ पातळीपासून निदान ५० टक्के पडला पाहिजे, खालच्या निदान दोन जोड्यांत ओळीने पडला पाहिजे, दिशा खालून वर पाहिजे, आणि हे सगळं किमान ४ सेकंद टिकलं पाहिजे. नियम वाचताना असं वाटतं की संगणकाला याहून सोपं काम दुसरं नसेल. पण अडचण आहे 'मूळ पातळी' या दोन शब्दांत.

माणूस लाळ गिळतो तेव्हा बरोबर थोडी हवाही जाते. हवेने रेष वर उडते आणि मग खाली येते. सॉफ्टवेअर त्या उडालेल्या टोकाला मूळ पातळी समजलं, तर नुसतं जागेवर परत येणंही त्याला 'पन्नास टक्के घसरण' वाटतं. एकामागोमाग दोन घोट घेतले की पहिल्याची शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं एकमेकांत मिसळतं आणि दिशा कळेनाशी होते. उलट टोकालाही चूक होते. अन्ननलिकेला आतून बरीच सूज असेल किंवा बॅरेटचा बदल (जुन्या रिफ्लक्सने अस्तराचं रूपच बदलणं) झाला असेल, तर मूळ पातळीच चारशे-पाचशे ओहमवर येऊन बसते. आधीच जमिनीला टेकलेली रेष आणखी अर्धी काय पडणार? तिथे खरे रिफ्लक्स यंत्राच्या हातून निसटतात. ज्याला आजार नाही त्याला यंत्र जास्त मोजतं आणि ज्याला जोरात आहे त्याला कमी. सॉफ्टवेअरची संख्या नजरेने तपासलेल्या संख्येपेक्षा सहसा जास्त येते, आणि ही वाढ मुख्यतः आंबट नसलेल्या रिफ्लक्समध्ये असते, हे या क्षेत्रात आता सर्वमान्य आहे. अ‍ॅसिडचा वेळ मात्र दोन्ही पद्धतींत बऱ्यापैकी जुळतो, कारण तिथे फक्त एक रेष ४च्या खाली किती वेळ होती एवढंच मोजायचं असतं.

दोन आजार असे आहेत की ज्यांत नजर न फिरवणं हा माझ्या मते निष्काळजीपणा आहे. पहिला अ‍ॅकलेझिया. यात झडप सैल नसते, उलट उघडतच नाही. अन्न अन्ननलिकेत साचतं, तिथेच आंबतं आणि पीएच ४च्या खाली जातो. सॉफ्टवेअर म्हणतं, अ‍ॅसिडचा वेळ १२ टक्के, आजार नक्की. पण आलेख उघडून बघा. खऱ्या रिफ्लक्समध्ये पीएच सहावरून एका झटक्यात दोन-तीनवर कोसळतो, अजिंठ्याच्या कड्यासारखा. साचून आंबलेल्या अन्नाचा पीएच तासाभरात हळूहळू उतरतो, बालाघाटाच्या उतारासारखा, आणि साडेतीनच्या आसपास रेंगाळतो. इम्पीडन्समध्ये खालून वर येणारं काहीच दिसत नाही. या पेशंटला 'अ‍ॅसिड आहे' म्हणून झडप घट्ट करायचं ऑपरेशन केलं, तर जी झडप उघडत नव्हती तिलाच वरून गाठ मारल्यासारखं होतं. मॅनोमेट्री आधी केलेली असेल तर ही चूक टळते. पण सेन्सर कुठे ठेवायचा हे दुर्बिणीतल्या अंतरावरून अंदाजाने ठरवलं आणि मॅनोमेट्री गाळली, असंही घडतं.

दुसरा ढेकरांचा. आपल्याकडे 'गॅस काढणारी' माणसं घरोघर आहेत. जेवल्यावर बाजेवर बसून पाठोपाठ वीस-पंचवीस ढेकर देतात आणि मोकळं वाटलं म्हणतात. यातल्या पुष्कळ ढेकरा जठरातून येतच नाहीत. घशातून हवा अन्ननलिकेत ओढली जाते आणि सेकंदाच्या आत परत बाहेर फेकली जाते. जठरापर्यंत ती पोचतही नाही. आलेखात हे अगदी स्वच्छ दिसतं. रेष वरच्या कड्यापासून खाली चढत जाते आणि लगेच खालून वर मोकळी होते. सॉफ्टवेअर यालाच 'हवेचा रिफ्लक्स' म्हणून मांडतं, आणि त्या धक्क्याबरोबर थोडं पातळ वर आलं तर तेही वेगळं मोजतं. अशा माणसाचे ९३ सहज होतात. पण याला गोळी नाही आणि ऑपरेशन तर नाहीच. पोटाने श्वास घ्यायची सवय लावणं, जीभ आणि घशाची ठेवण बदलायला शिकवणं, स्पीच थेरपिस्टकडे काही बैठका, हा उपचार आहे. हे निदान फक्त डोळ्यांनी आलेख बघूनच होतं. रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्याला रकानाच नाही.

तक्रार आणि रिफ्लक्स यांची सांगड घालणारे आकडे तर सगळ्यात तकलादू. कमरेच्या रेकॉर्डरवर बटणं असतात: जळजळ, आंबट पाणी, छातीत दुखणं. पेशंटने बटण दाबल्याच्या आधीच्या २ मिनिटांत रिफ्लक्स झाला असेल तर तक्रार त्याच्यामुळे, असं धरतात. निम्म्याहून अधिक तक्रारी अशा जुळल्या की एक निर्देशांक वर जातो. दुसऱ्यासाठी चोवीस तासांचे दोन-दोन मिनिटांचे ७२० तुकडे पाडून फिशरची संख्याशास्त्रीय चाचणी लावतात आणि ९५ टक्क्यांच्या वर आलं तर संबंध योगायोगाचा नाही म्हणतात. गणित निर्दोष आहे. पण त्यात काय घातलं जातं? मराठवाड्यात 'पित्त' म्हणजे छातीतली जळजळ, पित्त म्हणजे उलटी होऊन उतरणारी डोकेदुखी आणि पित्त म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांधी. 'गॅस' म्हणजे फुगलेलं पोट, भरून आलेली छाती, मानेत धरलेली शीर. 'पित्त झालं की हे बटण दाबा' एवढंच सांगितलेल्या माणसाने डोकं दुखल्यावर बटण दाबलं तर चूक कोणाची? त्यात सॉफ्टवेअरने फुगवलेले रिफ्लक्स मिसळले की कोणत्याही तक्रारीच्या आधी दोन मिनिटांत काही ना काही सापडतंच.

घड्याळाचंही असंच. वहीत वेळ भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिली जाते, आणि ते घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची पद्धत कितीतरी घरांत आहे. जिथे खिडकीच दोन मिनिटांची आहे तिथे दहा मिनिटांचा फरक म्हणजे सगळी सांगड मोडली. घरी सोडताना रेकॉर्डरची वेळ मोबाईलशी जुळवून घ्यायची आणि वही मोबाईलच्या वेळेने लिहायला सांगायची. लिहिता येत नसेल तर त्याच मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगायचं. खर्च शून्य.

रात्रीचा एक मुद्दा राहिला. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराची तब्येत कळावी म्हणून झोपेतला सरासरी इम्पीडन्स काढतात. मध्यरात्रीनंतर साधारण एक, दोन आणि तीनच्या सुमारास १०-१० मिनिटांचे तीन शांत तुकडे निवडायचे, ज्यांत गिळणं नाही, रिफ्लक्स नाही. सरासरी १५०० ओहमच्या खाली असेल तर आजाराच्या बाजूने पुरावा, २५००च्या वर असेल तर विरुद्ध बाजूने. मधल्या पट्टीतल्या पेशंटसाठी हा आकडा फार मोलाचा आहे. पण शेतीच्या पंपाची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात शेतकरी रात्री एक वाजता झोपलेला नसतो, बांधावर बारे देत, म्हणजे पिकाला पाणी देत असतो. नळी नाकात असली तरी गहू वाळू देणार नाही. 'आडवा झालो' हे बटण त्याने नऊला दाबलं आणि उठताना दाबायचं राहिलं, तर सॉफ्टवेअर त्याच्या चालण्या-गिळण्याच्या तासांची सरासरी काढून 'झोपेतला इम्पीडन्स' म्हणून छापतं. बघणाऱ्याला दर मिनिटाला दिसणारे घोट बघून कळतं की हा माणूस जागा आहे. मग तो पहाटे चारनंतरचे शांत तुकडे निवडतो.

इतकं लिहिल्यावर असं वाटू शकतं की नजर म्हणजे सोनं आणि यंत्र म्हणजे पितळ. तसं नाही. चोवीस तासांचा आलेख पाच-पाच मिनिटांच्या खिडकीत बघायचा तर २८८ खिडक्या होतात. दोनशेव्या खिडकीला डोळा थकतो. दोन जाणत्या माणसांनी तोच आलेख मोजला तर संख्या सारखी येत नाही. पडद्यावरची उभी मोजपट्टी बदलली तरी तोच खड्डा कधी खोल दिसतो, कधी उथळ. आणि ज्याला ऑपरेशन करायचंच आहे त्याच्या डोळ्याला रिफ्लक्स जास्त दिसतात, हे मान्य करायला लाज कसली? यंत्र थकत नाही, त्याला कोणाची फी मिळवायची नसते आणि आज मोजलं तेच उद्याही मोजतं.

नजरेवर आंधळा विश्वास काय करतो, याचं उदाहरण तर दुर्बिणीच्या रिपोर्टांत रोज दिसतं. 'झडप सैल' ही ओळ नसलेला एन्डोस्कोपी रिपोर्ट शोधावा लागेल. दुर्बीण आत गेल्यावर, हवा भरलेली असताना, पेशंट उमळत असताना झडप क्षणभर उघडी दिसली की ही ओळ पडते. तिच्यावर आम्लपित्ताचं निदान होत नाही. दुर्बिणीत मोजायच्या त्या अस्तरावरच्या चिरा, लॉस एंजेलिस प्रतवारीने: अ म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंत, ब त्याहून लांब, क म्हणजे दोन घड्यांना जोडणाऱ्या पण परिघाच्या ७५ टक्क्यांच्या आत, ड त्याहून पुढे. लिऑनची नवी सहमती ब, क, ड यांना पुरावा मानते. अ ला मानत नाही, कारण तशी बारीक चीर निरोगी माणसातही दिसते आणि ती 'दिसली' यावर दोन डॉक्टरांचं एकमत होणं अवघड. तेव्हा निव्वळ नजरेची बाजू घेणाऱ्यांनी आधी हा आरसा बघावा.

मग करायचं काय? माझ्या मते नजर मोजून खर्च करावी. पहिला टप्पा सगळ्यांसाठी, कोणालाही सूट नाही, दहा-पंधरा मिनिटांचा. पूर्ण चोवीस तास एका पडद्यावर दाबून बघायचे. पीएचची रेष कुठे तासन् तास १ ते २वर सपाट आहे का? मग नळी जठरात सरकली. कुठे अचानक सरळ, निर्जीव झाली का? मग सेन्सर सुटला किंवा वाळला. पीएच ४ आणि ७च्या द्रावणात सेन्सर आधी जुळवला होता का, आणि नळी काढल्यावर पुन्हा बुडवून बघितला का? जेवणं वहीप्रमाणे कापायची, आणि वहीत नसलेली पेयं गिळण्याच्या रांगांवरून शोधून तीही कापायची. एवढं झालं की अ‍ॅसिडचा वेळ पुन्हा काढायचा. तो आता ९ टक्के असेल, मॅनोमेट्री ठीक असेल आणि पडझड कड्यासारखी असेल, तर रिफ्लक्स ९३ की ६१ यावर एक मिनिटही घालवू नये. १ टक्का असेल आणि यंत्राचीही संख्या ३० असेल, तरीही नाही. यंत्र जास्तच मोजतं, ते ३० म्हणत असेल तर खरे त्याहून कमीच. अपवाद ढेकरा देणाऱ्याचा, आणि अर्थात पथ्यावर पडून राहिलेल्याचा.

उरतात ते मधल्या पट्टीतले, म्हणजे ४ ते ६ टक्केवाले. आणि ज्यांच्यावर ऑपरेशनचा विचार चालू आहे ते सगळे. इथे यंत्राने रिफ्लक्स म्हणून केलेली प्रत्येक खूण दोन ते पाच मिनिटांच्या खिडकीत उघडून ठेवायची की खोडायची ते ठरवायचं. तास-दीड तास लागतो. हा वेळ कोण देणार, हाच खरा सार्वजनिक प्रश्न आहे. तपासणीचा दर ठरतो तो नळीचा आणि यंत्राचा. वाचण्याची वेगळी फी कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून वाचणं फुकट धरलं जातं आणि म्हणूनच ते होत नाही. यंत्र विकणाऱ्याच्या माणसाने रिपोर्ट काढून द्यायचा आणि डॉक्टरने सही करायची, हा मार्ग सोयीचा आहे, पण त्यात चूक झाली तर तिचं उत्तरदायित्व कोणाचंच राहत नाही. विमा कंपनी किंवा सरकारी योजना झडपेच्या ऑपरेशनचे पैसे देणार असेल तर तिने एक अट घालावी: यंत्राची संख्या, तपासलेली संख्या आणि तपासणाऱ्याचं नाव, तिन्ही कागदावर शेजारी शेजारी. दोन संख्या तंतोतंत सारख्या असतील तर बघितलंच नाही, हे कोणीही ओळखेल.

वाचणारे कमी आहेत, ही सबब खरी आहे. आठ जिल्ह्यांना मिळून इम्पीडन्सचा आलेख सराईतपणे वाचणारी प्रत्येक गावात एक व्यक्ती मिळणार नाही, आणि मिळायची गरजही नाही. नळी घालायचं काम हिंगोलीत किंवा बीडमध्ये होऊ शकतं; फाईल संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरला किंवा नांदेडला, जिथे शिकवायला मेडिकल कॉलेज आहे, तिथे बसून वाचता येते. सीटीची चित्रं दूर बसून वाचणं आता कोणाला नवीन नाही. एका तंत्रज्ञाला पहिला टप्पा शिकवता येतो. दुसऱ्या टप्प्यातल्या खुणा त्याने लावायच्या आणि अडलेल्या तेवढ्या तज्ज्ञाने बघायच्या. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी सॉफ्टवेअर येत आहेत, ती घोट आणि रिफ्लक्स यांतला फरक जुन्यांपेक्षा चांगला ओळखतील यात शंका नाही. पण ती शिकतात माणसांनी खुणा केलेल्या आलेखांवरून. आंबलेलं ताक, चिंचेची आमटी आणि रात्री दोनला चाललेलं बारे देणं ज्या आलेखांत आहे, ते आपण खुणा करून ठेवले नाहीत तर ते त्यांना माहीत होणार कुठून?

पेशंटच्या बाजूने मागणी एकच आणि छोटी: मूळ फाईल हातात द्या. पीडीएफचे चार कागद नव्हे, आलेखाची फाईल, पेनड्राईव्हवर. बीड-धाराशिवकडची ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर निघाली की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यातल्या एखादीला नाकात नळी घालून, सात दिवस गोळी बंद ठेवून, मजुरी बुडवून हीच तपासणी दुसऱ्यांदा करायला सांगणं म्हणजे करू नको असं सांगण्यासारखंच आहे. फाईल असेल तर ती सांगली-कोल्हापूरकडच्या फडात असतानाही तिचे ९३ पुन्हा मोजता येतात, आणि परत येईल तेव्हा रिपोर्टवर दुसरा आकडा लिहिलेला असतो.